दुसरी खुर्ची

बास्केटबॉलचे कोर्ट ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. त्यावर दहा खेळाडू आणि एक चेंडू, आणि तो चेंडू या टोकाहून त्या टोकाला जायला कधीकधी चार सेकंदही पुरतात. हे सगळे न दिसणाऱ्याला दाखवायचे तर आधी त्याच्या डोक्यात कोर्ट आखून द्यावे लागते. म्हणून अमेरिकेतले रेडिओ समालोचक सामना सुरू व्हायच्या आधी एक ठरलेले वाक्य बोलतात: आपला संघ पूर्वार्धात तुमच्या रेडिओच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे चाल करेल. जुन्या रेडिओवर स्टेशन लावायची आडवी पट्टी असे आणि ऐकणाऱ्याच्या नजरेसमोर तेवढी एकच वस्तू नक्की असे. तिचेच कोर्ट करून टाकले. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा तेच वाक्य उलटे. ते बोलायचे राहिले तर पुढचे ‘उजव्या कोपऱ्यातून’, ‘डाव्या बाजूने’ सगळे अधांतरी राहते. ऐकणारा सामना ऐकत असतो, पण कुठे उभे राहून बघायचे हे त्याला कळत नाही.

असली बारीक कामे एकाच विद्यापीठासाठी साठ वर्षे करणारे गृहस्थ म्हणजे मॅक्स फॉल्कनस्टीन. कॅन्सस विद्यापीठाचा आवाज. १९४६ ते २००६. आपल्याकडे हे नाव कानावर पडायचे काही कारण नाही. अमेरिकेतही कॅन्ससच्या बाहेर ते बास्केटबॉलच्या जाणत्यांनाच ठाऊक. स्थानिक समालोचकाचे असेच असते. देशभर गाजलेला आवाज सगळ्यांचा थोडाथोडा असतो आणि हा एका मुलखाचा पुरेपूर.

लॉरेन्स हे विद्यापीठाचे गाव. बास्केटबॉलचा खेळ १८९१ मध्ये ज्यांनी रचला ते जेम्स नेस्मिथ १८९८ मध्ये इथे आले आणि इथलेच झाले. गंमत अशी की या विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले एकटे नेस्मिथच: ५५ विजय, ६० पराभव. खेळ शोधणे आणि जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गाव तेव्हापासून जाणते. पुढे नेस्मिथ यांचे शिष्य फॉग ॲलन यांनी जिंकण्याचे खाते भरून काढले. फॉल्कनस्टीन याच गावात ९ एप्रिल १९२४ रोजी जन्मले. वडील विद्यापीठाच्या क्रीडा विभागात व्यवस्थापनाचे काम बघत, त्यामुळे खेळाडू, प्रशिक्षक आणि तिकिटांचे हिशेब हे घरातलेच विषय.

गावातले रेडिओ स्टेशन होते ‘रेन’. ते काढले होते पिठाच्या गिरणीने. ‘जेनी रेन’ नावाचे पीठ विकणारी कंपनी, तिचे हे स्टेशन. १९४६ च्या मार्चमध्ये कॅन्ससचा ओक्लाहोमा ए अँड एम विद्यापीठाशी सामना होता. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाण्यासाठीची ही लढत, स्थळ कॅन्सस सिटी. फॉल्कनस्टीन तेव्हा एकवीस वर्षांचे. समोरच्या संघात सात फुटी बॉब कुरलँड. कॅन्सस हरले आणि ओक्लाहोमा ए अँड एमने त्या वर्षी विजेतेपद सलग दुसऱ्यांदा घेतले. साठ वर्षांच्या कारकिर्दीचा पहिला सामना हा असा, हरलेला.

हे काम बाहेरून बोलण्याचे दिसते. खरे तर निम्म्याहून जास्त काम बोलायच्या आधीचे असते. प्रत्येक संघाचा एक जाड पुठ्ठा तयार करायचा. त्यावर खेळाडूगणिक एक चौकोन: मोठ्या आकड्यात शर्टाचा नंबर, खाली नाव, उंची, कितव्या वर्षाला आहे, गाव, सरासरी गुण, सरासरी रिबाउंड (नेम चुकल्यावर परतलेला चेंडू पकडणे) आणि एखादीच वेगळी माहिती. एकच. दोन्ही संघांना दोन वेगळे रंग. पहिले पाच एका ओळीत, राखीव त्यांच्याखाली. पुठ्ठा स्वतःच्या हाताने लिहायचा, कारण लिहिताना पाठ होतो. छापील तक्ता समोर ठेवला तर डोळे तिथे शोधत बसतात. नवखा माणूस त्या चौकोनात दहा गोष्टी कोंबतो आणि सामन्यात मान खाली घालून बसतो. मान खाली असताना एक पास गेला की पुढची पाच सेकंदे तो मागून धावत असतो. चांगला पुठ्ठा तोच, जो सामना सुरू झाल्यावर जवळजवळ बघावाच लागत नाही.

नावांचे उच्चार आदल्या दिवशी विचारून घ्यायचे. यजमान संघाच्या प्रसिद्धी कार्यालयाला विचारायचे आणि जमले तर खेळाडूलाही, कारण कार्यालयातला माणूसही वर्षभर चुकीचे म्हणत असू शकतो. दूरच्या एखाद्या गावात त्या मुलाची आई रेडिओ लावून बसलेली असते. तिला आकडेवारीतली चूक कळणार नाही, नावातली लगेच कळेल.

मग गुण आणि वेळ. हा या धंद्याचा पहिला धडा, आणि वीस वर्षे माईकवर घालवलेले लोकही तो विसरतात. रेड बार्बर हे बेसबॉलचे नामांकित समालोचक समोर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवत. वाळू संपली की गुणसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटायचे. बास्केटबॉलला तीन मिनिटे फार झाली. इथे जवळजवळ प्रत्येक बास्केटनंतर गुण सांगायचे आणि खेळ थांबला की किती वेळ उरला तेही. ऐकणारा सुरुवातीपासून बसलेला नसतो. कुणी आत्ता गाडीत बसून चावी फिरवली आहे, कुणी गोठ्यातून घरात आला आहे. त्यातही नुसते ‘अठ्ठेचाळीस–सेहेचाळीस’ म्हणून भागत नाही, अठ्ठेचाळीस कुणाचे ते हवे. आघाडीवरचा संघ नेहमी आधी, की आपला संघ नेहमी आधी, ते हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवून टाकावे आणि शेवटपर्यंत पाळावे. मध्येच बदलले की घरोघरी वाद.

शिट्टी वाजली की लगेच फाउल कुणाचा ते बोलून टाकायचा मोह होतो. आवरायचा. पंच वळून नोंदणी टेबलाला बोटांनी नंबर दाखवतो, तेवढे दोन सेकंद फक्त ‘शिट्टी वाजली आहे, बास्केटखाली’ एवढेच. चुकीचे नाव घेतले तर ते मागे घ्यायला दहा सेकंद जातात आणि ज्याने पहिलेच वाक्य ऐकले तो रात्रभर त्या बिचाऱ्या खेळाडूच्या नावावर एक फाउल जास्त मोजत राहतो.

यंत्रांची बाजू वेगळीच. तेव्हा टेलिफोन कंपनीकडून प्रक्षेपणासाठीची खास लाइन भाड्याने घ्यावी लागे, आणि ती काही दिवस आधी मागवावी लागे. सामन्याच्या तास-दीड तास आधी पोचून स्टेशनशी बोलून ती तपासायची, शिवाय साधा फोन जवळ ठेवायचा. मुख्य लाइन गेली तर उरलेला सामना साध्या फोनवर. फोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. त्यात प्रेक्षकांचा आवाज विरून जातो आणि इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात. अशा वेळी आकडा दोनदा बोलायचा: पन्नास, पाच-शून्य. वाक्ये आखूड करायची. लाइन गेल्याची तक्रार ऐकणाऱ्याला एकदाच सांगावी. त्याला सामना हवा असतो, आपली अडचण नव्हे.

माईक दोन. एक हेडफोनला जोडलेला, ओठांच्या कडेला, दोन बोटांच्या अंतरावर. समोर धरला तर ‘प’ आणि ‘ब’ फुटतात. दुसरा प्रेक्षकांसाठी, उंचावर, विद्यापीठाच्या बँडपासून आणि ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यापासून लांब. तो बँडच्या जवळ लागला तर संध्याकाळभर ट्रॉम्बोनचे समालोचन होते. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज पुरेसा मोठा ठेवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचे. स्वतःला ऐकू आले नाही की माणूस नकळत ओरडू लागतो आणि उत्तरार्धाच्या मध्यावर घसा बसतो. ॲलन फील्डहाउस या विद्यापीठाच्या बास्केटबॉल सभागृहासारख्या जागी तर हे हमखास. ही इमारत १९५५ मध्ये उघडली, तिथे सुमारे १६,३०० प्रेक्षक मावतात, आणि २०१७ मध्ये एका सामन्यात तिथला गोंगाट १३०.४ डेसिबल मोजला गेला. ती उघडल्यापासून पुढची पन्नास वर्षे फॉल्कनस्टीन तिथल्या गोंगाटात बोलत होते. न ओरडता. त्यांच्या आवाजाचे वर्णन करायचे तर हेच पुरेसे आहे.

ठरलेली वाक्येही ठरल्याप्रमाणेच बोलावी लागतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक स्टेशनने दर तासाच्या ठोक्याच्या आसपास, खेळात सोयीची फट मिळेल तिथे, आपले नाव-गाव सांगायचे असते. राज्यभर पसरलेल्या डझनावारी स्टेशनांवर एकच प्रक्षेपण चालू असते. समालोचकाने ते ठराविक वाक्य उच्चारले की ठिकठिकाणचे लोक बटण दाबतात. वाक्यात हौसेने एखादा शब्द बदलला तर कुठल्यातरी छोट्या गावातला पोरगा बटणावर बोट ठेवून वाट बघत बसतो आणि तिथे शांतता पसरते.

या माणसांची खरी परीक्षा मात्र खेळ थांबतो तेव्हा होते. विद्यापीठांच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये १९८५-८६ च्या हंगामात ४५ सेकंदांचे घड्याळ आले. तेवढ्या वेळात बास्केटवर नेम धरलाच पाहिजे. पुढे ते ३५ झाले आणि आता ३० आहे. त्याआधी असे काही बंधनच नव्हते. आघाडीवरचा संघ चेंडू इकडून तिकडे फिरवत मिनिटेच्या मिनिटे घालवू शके. १९५७ चा राष्ट्रीय अंतिम सामना कॅन्सस सिटीत झाला. कॅन्ससकडे विल्ट चेंबरलेन, समोर एकही सामना न हरलेले नॉर्थ कॅरोलायना. ४६–४६ बरोबरी. पहिल्या जादा पाच मिनिटांत दोघांचे दोन-दोन गुण. दुसऱ्या पाच मिनिटांत दोघांचे मिळून शून्य. तिसऱ्यात ५४–५३, शेवटची सहा सेकंद उरलेली असताना घेतलेल्या फ्री थ्रोंवर, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या नेमांवर, कॅरोलायना जिंकले.

त्या शून्याच्या पाच मिनिटांत रेडिओवर काय बोलायचे? क्रिकेटच्या समालोचकाला दोन चेंडूंमधल्या रिकाम्या वेळाची सवय असते, त्यात तो झाडे, ढग, जुने किस्से भरतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू फिरतच असतो, खेळ चालूच असतो, फक्त काही घडत नसते. गोष्ट सांगायला घ्यावी तर मध्येच कुणी झेप घेईल. गप्प बसावे तर ऐकणाऱ्याला वाटेल स्टेशन बंद पडले. अशा वेळी चेंडू कुणाकडे हे सांगत राहायचे, घड्याळ सांगायचे, बचाव करणारा किती पावले मागे उभा आहे ते सांगायचे, उभे प्रेक्षक दाखवायचे. म्हणजे पुन्हा तेच: जागा, गुण, वेळ. उत्कंठा आपोआप चढते, ती आवाजाने चढवावी लागत नाही.

आता पक्षपाताबद्दल. विद्यापीठाचा समालोचक तटस्थ नसतो आणि तसे सोंगही करत नाही. त्याचा पगार आणि त्याचे श्रोते एकाच बाजूचे. जॉर्जिया विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉलचे समालोचक लॅरी मन्सन १९६६ ते २००८ सरळ ‘आपण’ म्हणूनच बोलत, आणि आपला संघ आता हरणार अशा काळजीतच सगळा सामना काढत. १९८० मध्ये फ्लोरिडाविरुद्ध हरत आलेल्या सामन्यात लिंडसे स्कॉटने ९३ यार्डांची धाव पुरी केली तेव्हा मन्सन यांच्या खालची लोखंडी खुर्ची मोडली. मिशिगनचे बॉब उफर पेशाने विमा विकणारे. जनरल पॅटन यांच्या जीपचा म्हणून ओळखला जाणारा भोंगा ते सोबत आणत आणि टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेणे) झाला की तीनदा वाजवत. ही त्यांची तऱ्हा, आणि त्यांच्या गावाला ती प्यारी होती. फॉल्कनस्टीन त्या घराण्यातले नव्हते. ना भोंगा, ना मोडलेल्या खुर्च्या. प्रेम उघड, पण हिशेब सरळ.

मला विचाराल तर स्थानिक समालोचकाला जिंकलेल्या सामन्यांवर तोलू नये. जिंकताना कुणीही गोड वाटतो. वाईट बातमी तो कशी सांगतो ते बघावे. १ जानेवारी १९६९, मायामी, ऑरेंज बोल, अमेरिकी फुटबॉलचा सामना. कॅन्सस पेन स्टेटवर १४–१३ असे पुढे. शेवटच्या काही सेकंदांत पेन स्टेटचा टचडाउननंतरचा दोन गुणांचा प्रयत्न फसला. सामना संपल्यातच जमा, कॅन्सस जिंकल्यातच जमा, लोक मैदानात उतरू लागले. आणि पंचाचे नियमभंगाचे निशाण पडले होते: कॅन्ससचे मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू. प्रयत्न पुन्हा झाला, या वेळी जमला, १५–१४. नंतर चित्रफितीत दिसले की त्याआधीच्या काही डावांतही कॅन्ससचे बाराच होते आणि पंचांच्याही ते लक्षात आले नव्हते.

असल्या शेवटाला घरच्या समालोचकाचा कस लागतो. एक तर निशाण पडलेले नाही याची खात्री केल्याखेरीज विजय जाहीर करायचा नाही. फुटबॉलच्या कक्षात समालोचकाशेजारी खेळाडू ओळखून दाखवणारा मदतनीस बसतो. त्याच्यासमोर नावांचा तक्ता असतो आणि प्रत्येक डावानंतर तो बोटाने नाव दाखवतो: चेंडू कुणी नेला, पाडला कुणी. त्याच्याकडे आणखी एक काम द्यावे लागते, डोकी मोजण्याचे. आणि पंचांवर घसरायचे नाही. निर्णय नियमाप्रमाणे बरोबर होता, ऐकणाऱ्याला तो लगेच सांगून टाकायचा, कितीही जिवावर आले तरी. पराभवाचे कारण समालोचकाने दुसऱ्याच्या गळ्यात घातले की गाव ते पन्नास वर्षे उगाळत बसते.

फॉल्कनस्टीन यांच्या कारकिर्दीतला माझ्या मते सगळ्यात मोठा भाग १९८४ नंतरचा. त्या वर्षी बॉब डेव्हिस आले. तेही कॅन्ससचेच, हेज या गावातून. चेंडूचे धावते वर्णन डेव्हिस यांच्याकडे गेले आणि अडतीस वर्षे मुख्य माईकवर असलेले, साठी गाठलेले फॉल्कनस्टीन बाजूच्या खुर्चीत बसले, जाणकार म्हणून. अशा वेळी बहुतेक जण मानाने निरोप घेतात, किंवा राहतात आणि कुढतात. ते पुढची बावीस वर्षे त्या खुर्चीत बसले.

ती खुर्ची किती अवघड, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. बास्केटबॉलमध्ये चेंडू बाहेरून आत टाकला की चालीला सुरुवात होते आणि अर्धी रेषा ओलांडायला दहा सेकंद मिळतात. दुसऱ्या माणसाचा वेळ तेवढाच. चेंडू रेषेवर पोचला की वाक्य पुरे झालेले असले पाहिजे, नसेल तर तिथेच तोडायचे. लांबचे बोलणे फ्री थ्रोच्या वेळी आणि टाइमआउटला. दूरचित्रवाणीवरच्या सामन्यांत प्रत्येक अर्धात उरलेला वेळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली गेल्यावर पहिल्यांदा खेळ थांबेल तिथे जाहिरातींची विश्रांती ठरलेली असते. जाणकाराने आपले मुद्दे तिथवर जपून ठेवायचे. पहिल्याने काय घडले ते सांगायचे, दुसऱ्याने का घडले ते. तेच पुन्हा सांगितले तर खुर्ची फुकट.

यात अडतीस वर्षांची सवय आड येते. चेंडू दिसला की तोंड उघडते. चाल रंगात आली की जीभ शिवशिवते. ती दाबून धरायची आणि शेजारच्याला वाक्य पुरे करू द्यायचे, तेही तो आपल्यापेक्षा वेगळे शब्द वापरत असताना. त्यातून गोंगाटात दोघे एकमेकांना फक्त हेडफोनमधून ऐकतात, तेव्हा बोलायची पाळी हाताच्या खुणेने मागायची. पहिला मान हलवेपर्यंत थांबायचे. या जोडीचे इतके जमले की कॅन्ससमध्ये सामना दूरचित्रवाणीवर असला तरी लोक आवाज बंद करून रेडिओ लावत. दोन्हींची लहर एकाच वेळी पोचायची तोवर हे सोपे होते. डिजिटल प्रक्षेपणात चित्र काही सेकंद मागे पडते, त्यामुळे रेडिओवर बास्केट आधी होते आणि पडद्यावर नंतर. मग रेडिओच थोडा थांबवून ठेवायची सोय शोधावी लागते.

आणि हे सगळे जोडधंदा म्हणून. फॉल्कनस्टीन यांनी रेडिओ स्टेशन चालवले, पुढे गावातल्या बँकेत वरिष्ठ अधिकारी होते. दिवसा ज्यांची कर्जे बघायची, रात्री त्यांनाच सामना सांगायचा. गावातला माणूस दुसऱ्या दिवशी समोर बसून विचारू शकतो, काल तुम्ही त्याला आळशी का म्हणालात? म्हणून जीभ जपून वापरली जाते. बाहेरून येऊन प्रक्षेपण करून विमान पकडणाऱ्याला ही भीती नसते, आणि ते त्याच्या बोलण्यात ऐकू येते.

फॉग ॲलनपासून बिल सेल्फपर्यंत सहा बास्केटबॉल प्रशिक्षक त्यांच्या माईकसमोर आले-गेले. २००४ मध्ये बास्केटबॉल हॉल ऑफ फेमने प्रक्षेपणासाठीचा कर्ट गाउडी पुरस्कार दिला. २००६ मध्ये ते थांबले. डेव्हिस आणखी दहा वर्षे त्याच माईकवर होते. २९ जुलै २०१९ रोजी फॉल्कनस्टीन वारले, वय ९५.

निवृत्तीच्या वेळी विद्यापीठाने ॲलन फील्डहाउसच्या छताखाली, चेंबरलेन आणि इतर खेळाडूंच्या रांगेत, त्यांच्या नावाचा शर्ट टांगला. नंबर ६०. विद्यापीठांच्या बास्केटबॉलमध्ये तेव्हा हा नंबर खेळाडूला घालताच येत नसे. पंच नोंदणी टेबलाला नंबर बोटांनी दाखवतात, एका हाताला पाच बोटे, म्हणून शून्य ते पाच एवढेच आकडे चालत. सहा किंवा त्यापुढचा आकडा असलेला कुठलाही नंबर बाद. २०२३-२४ च्या हंगामापासून नियम बदलला आणि शून्य ते ९९ सगळे मोकळे झाले. कॅन्ससमध्ये शर्ट टांगला तरी नंबर बंद होत नाही, पुढचा खेळाडू तो मागू शकतो. तेव्हा आता एखाद्या पोराने ६० मागितला, तर नियम आड येणार नाही.